बंगला कोटींचा, पॉलिसी अंदाजाची

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत घरांची कौले आणि पत्रे उडाले. पावसाळा तोंडावर होता आणि सगळ्या गावांना एकाच आठवड्यात छप्पर हवे होते. पत्र्यांचा तुटवडा पडला, सुतार मिळेनासे झाले. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले. महाबळेश्वरला त्या सुमारास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. या दोन्ही आपत्तींनी एक व्यवहारी गोष्ट दाखवून दिली. घर पुन्हा उभे करण्याचा खर्च त्या दिवशी, त्या गावात, मिळेल त्या मालावर आणि मिळतील त्या हातांवर ठरतो. विम्याच्या पॉलिसीवरचा आकडा मात्र त्याआधी कधीतरी, बहुधा घर न पाहिलेल्या माणसाने ठरवलेला असतो. साध्या सदनिकेच्या बाबतीत या दोन आकड्यांतली तफावत सोसवण्याजोगी असते. स्वतःच्या आराखड्याप्रमाणे, निवडून आणलेल्या दगड-लाकडात बांधलेल्या घराच्या बाबतीत ती तफावत आयुष्यभराची पुंजी गिळू शकते. अशा घराच्या विम्याची रक्कम त्याच घराच्या मोजमापातून आणि मालातून काढली पाहिजे, ती नुकसानीच्या आधी कागदावर आली पाहिजे, आणि हे काम एकट्या घरमालकावर सोडून चालणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

आज ही रक्कम कशी ठरते? कोणी खरेदीखतावरचा आकडा घालतो, कोणी रेडी रेकनरचा, कोणी बँकेच्या कर्जाचा, तर कोणी दहा वर्षांपूर्वी कंत्राटदाराने दिलेल्या एस्टिमेटचा. यातला एकही आकडा विम्याच्या कामाचा नाही. बाजारभावात जमीन धरलेली असते आणि जमीन आगीत जळत नाही. पुण्यातल्या कोरेगाव पार्कात किंवा अलिबागच्या किनाऱ्यालगत बंगल्याच्या किमतीत जमिनीचाच वाटा मोठा असतो. तिथे बाजारभावाने विमा उतरवणारा माणूस नसलेल्या जोखमीचा हप्ता भरतो. सिंधुदुर्गातल्या किंवा गोव्याच्या आतल्या भागातल्या खेड्यात नेमके उलटे घडते. जागा वडिलोपार्जित, तिला गिऱ्हाईक थोडे, पण घरावर मुंबईत किंवा आखातात कमावलेले कोटभर रुपये घातलेले. ते घर विकायला काढले तर घातलेला पैसा परत येणार नाही, आणि पडले तर त्या विक्रीच्या किमतीत पुन्हा बांधून होणार नाही. कर्जाच्या रकमेइतका विमा तर बँकेच्या सोयीसाठी असतो. चार कोटींच्या घरावर साठ लाखांचे कर्ज उरले असेल, तर साठ लाखांच्या विम्याने बँक निर्धास्त होते आणि मालक उघडाच राहतो. त्यात आणखी एक घोटाळा सर्रास होतो. कर्ज घेताना गळ्यात पडलेली पॉलिसी कर्जदाराच्या जिवाची असते आणि कुटुंब वर्षानुवर्षे समजत राहते की घराचा विमा उतरवलेला आहे.

विमा नियामकाने या बाबतीत काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकणे बंधनकारक झाले. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणे अशी संकटे तिच्यात एकत्र धरली आहेत. विमा रकमेला वरची मर्यादा नाही, म्हणजे एका खोलीच्या घरापासून दहा कोटींच्या बंगल्यापर्यंत सगळ्यांना हीच पॉलिसी लागू होते. इमारतीची विमा रक्कम वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे आपोआप वाढते. वास्तुविशारद आणि अभियंत्याच्या शुल्कासाठी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हलवण्यासाठी २ टक्क्यांपर्यंत जास्तीची तरतूद आहे. सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे सरासरीचे कलम या पॉलिसीतून काढून टाकले आहे. पूर्वीच्या आगीच्या पॉलिसीत विमा जितका कमी, तितका प्रत्येक दावा त्याच प्रमाणात कापला जाई. दोन कोटींच्या घराचा एक कोटीचा विमा असेल आणि चाळीस लाखांचे नुकसान झाले, तर हाती वीस लाख येत. गृह रक्षेत अशी कापाकापी होत नाही. विमा रकमेच्या मर्यादेत नुकसान पूर्ण भरून मिळते. सर्वसामान्य घरासाठी ही चांगली, सुटसुटीत पॉलिसी आहे आणि ती याहून कितीतरी जास्त घरांत पोचायला हवी.

अडचण तिच्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा प्रति चौरस फूट दर, अशी विमा रक्कम निघते. दर मालकाने जाहीर करायचा आणि कंपनीने मान्य करायचा. नियम योग्य आहे, पण व्यवहारात हा दर वेबसाइटवरच्या रकान्यात पिनकोडवरून आधीच भरलेला दिसतो, किंवा एजंट आपल्या सवयीचा आकडा टाकतो. समजा, ३,००० चौरस फुटांचे घर आहे आणि अर्जात २,५०० रुपयांचा दर पडला. विमा रक्कम झाली ७५ लाख. प्रत्यक्षात ते घर घडीव काळ्या दगडाचे, सागवानी तुळयांचे, पितळी बिजागऱ्यांचे आहे आणि पुन्हा बांधायला चौरस फुटाला ६,००० रुपये, म्हणजे १ कोटी ८० लाख लागतील. स्वयंपाकघरात आग लागून वीस लाखांचे नुकसान झाले, तर गृह रक्षा वीसच्या वीस लाख देईल आणि मालकाला आपला विमा नीट आहे असे वाटेल. निम्मे घर जळाले आणि दुरुस्ती ९० लाखांवर गेली, तर ७५ लाखांच्या पुढे एक रुपयाही मिळणार नाही. पूर्ण घर गेले, तर १ कोटी ५ लाखांचा खड्डा पडेल. कमी विम्याची झळ किरकोळ नुकसानीत लागत नाही, मोठ्या नुकसानीतच लागते, म्हणून ती आधी लक्षात येत नाही. वार्षिक १० टक्क्यांची वाढही मूळ आकड्यावरच चढते. मूळ आकडा चुकला असेल, तर वाढत जाणारी रक्कमही तितक्याच प्रमाणात चुकत जाते.

शिवाय खास बांधलेल्या घराचा दर ठरवणे हे मुळातच कसबाचे काम आहे, कारण त्यातला माल दुकानात तयार मिळत नाही. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यात घर बांधणे अजून शक्य आहे, पण त्याच घराला गिलाव्याशिवाय उघडी, सांधे एका रेषेत बसवलेली भिंत हवी असेल, तर चिरा निवडून तासावा लागतो आणि मजुरी वाढते. जुन्या वाड्यातून उतरवलेले सागवानी खांब आणि कोरीव महिरपी नव्या घरात बसवण्याची पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. तो खांब जळाला, तर तशा वयाचे, तसे पक्के लाकूड वखारीत मिळत नाही. दुसरा वाडा उतरण्याची वाट पाहावी लागते, किंवा नवे लाकूड आणून कारागिराकडून कोरून घ्यावे लागते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने असतात. ती घासून चौकटीत बसवणारे हात थोडे उरले आहेत. चुन्याचा गिलावा, ऑक्साइडची लाल जमीन, हाताने ओतलेल्या नक्षीच्या फरशा, ओटीवरच्या झोपाळ्याच्या पितळी कड्या या प्रत्येक गोष्टीला आपला कारागीर आहे, त्याचा दिवसाचा दर आहे आणि त्याच्याकडची प्रतीक्षा आहे. प्रति चौरस फुटाच्या एका सरासरी दरात हे काहीही मावत नाही. सरकारमान्य व्हॅल्युअर किंवा वास्तुविशारद यांनी एकेका कामाचे मोजमाप घेऊन दर लावले, तरच खरा आकडा हाती येतो. घर पुन्हा राहण्यालायक होईपर्यंत दुसरीकडच्या भाड्याची सोय गृह रक्षेत आहे. अशा घराला लागणारा वेळ साध्या घरापेक्षा किती जास्त, हेही त्याच कागदावर लिहिले गेले पाहिजे.

घरातल्या चीजवस्तूंची गोष्ट याहून नाजूक आहे. इमारतीसोबत सामान्य वस्तूंना आपोआप मिळणारे संरक्षण इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये इतके असते. चार कोटींच्या घरात इटालियन गॅसशेगडी, ओव्हन, वातानुकूलन, होम थिएटर, पडदे आणि फर्निचर यांचीच बेरीज दहा लाखांच्या कितीतरी पुढे जाते. जास्त हवे असेल, तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्यावी लागते, आणि बहुतेक जण ती यादी करत नाहीत. सामान्य वस्तूंची भरपाई जुन्याच्या बदल्यात नव्याच्या किमतीने होते. फ्रिज किंवा वॉशिंग मशिनसाठी हे न्याय्य आहे. शंभर वर्षांच्या शिसवी कपाटाला हे तत्त्व लागू करायचे, तर कंपनी आजच्या नव्या कपाटाचा भाव लावू शकते आणि तिने तसे केले तर तिला खोटे पाडता येत नाही. म्हणूनच दागिने, चांदीची भांडी, चित्रे, गालिचे, प्राचीन वस्तू यांच्यासाठी गृह रक्षेत वेगळे, मागून घ्यायचे कलम आहे. त्यात वस्तूची किंमत दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून पॉलिसीत लिहिली जाते आणि पूर्ण नुकसान झाल्यास त्यावर वाद उरत नाही. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचा दाखलाही मागत नाहीत. त्यावर गेलात, तर दाखला लागतो आणि तो मधूनमधून नवा करावा लागतो. जानेवारी २०२० मध्ये दहा ग्रॅम सोने चाळीस हजारांच्या आसपास होते, एप्रिल २०२५ मध्ये ते लाखावर गेले. पाच वर्षांपूर्वीच्या दाखल्यावर काढलेला दागिन्यांचा विमा आज निम्म्याहून कमी दागिन्यांचा आहे. चित्रांचे भाव तर चित्रकाराच्या निधनाने, एखाद्या मोठ्या प्रदर्शनाने किंवा लिलावाने एका वर्षात बदलतात. रोकड, कागदपत्रे, हस्तलिखिते आणि नकाशे पॉलिसीत खास नमूद केल्याशिवाय धरले जात नाहीत, म्हणजे घराण्यातल्या पोथ्या आणि घराचे मूळ आराखडे दोन्ही बाहेर राहतात. पोथ्यांची छायाचित्रित प्रत आणि आराखड्यांची दुसरी प्रत घराबाहेर ठेवणे हाच त्यांचा विमा आहे.

पॉलिसीतली बाकीची कलमेही खास घरांना हमखास अडचणीत आणतात. चोरीचे संरक्षण गृह रक्षेत आहे, पण ते पूर किंवा आगीसारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी किंवा घरमालकांची एकत्रित पॉलिसी लागते. घरफोडीच्या पॉलिसीत कुलूप तोडून, बळजबरीने शिरल्याची खूण असण्याची अट सहसा असते, त्यामुळे कामावरच्या माणसाने किल्लीने कपाट उघडून केलेली चोरी त्यात बसत नाही. सरासरीचे कलमही या वेगळ्या पॉलिसींत अजून भेटते. आगीच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत घर सलग तीस दिवसांहून अधिक काळ रिकामे राहिले, तर संरक्षण थांबण्याची अट होती, आणि घरफोडीच्या पॉलिसींत अशी अट आजही आढळते. गणपती आणि मे महिन्यापुरते उघडणारे चाकरमान्याचे घर, अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने आईवडिलांसाठी बांधलेले आणि आता बंद पडलेले घर, लोणावळ्याचा शनिवार-रविवारचा बंगला या सगळ्यांनी कंपनीला आधी लेखी कळवून संमती घेतली पाहिजे. तोच बंगला आठवड्याअखेरीस पर्यटकांना भाड्याने दिला, तर निवासी वापराचे गृहीतकच मोडते. कर्जत, अलिबाग, पानशेत परिसरात असे शेकडो बंगले आज निवासी पॉलिसीवर व्यवसाय करत असतील, तर त्यांच्या मालकांना दाव्याच्या दिवशी मोठा धक्का बसेल. पर्यावरणस्नेही म्हणून बांबू, फळ्या आणि गवताच्या छपराचे घर बांधणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विम्याच्या व्याख्येत अशा भिंती किंवा छपराचे बांधकाम कच्चे समजले जाते, मग त्यावर कितीही खर्च झालेला असो. नदीकाठच्या घराचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. राज्यात पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. रेषा आखण्यापूर्वीचे घर वाहून गेले, तर त्याच जागी ते बांधायला परवानगी मिळेलच असे नाही. किनारा नियमन क्षेत्रातही हाच पेच आहे. नव्या नियमांमुळे वाढणारा खर्च मूळ पॉलिसीत धरलेला नसतो, तो वाढीव कलम घेऊन मागून घ्यावा लागतो.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप पैशाचा आहे. इतका विमा परवडतो का, असे विचारले जाते. पक्क्या निवासी बांधकामाचा आग-भूकंप-पुराचा विमा आपल्याकडे स्वस्त आहे. एक कोटीच्या इमारतीचा वर्षाचा हप्ता बहुधा काही हजारांतच असतो, आणि रक्कम दुप्पट केली म्हणून घरखर्च कोलमडत नाही. त्याच मालकाच्या मोटारीचा सर्वसमावेशक विमा याहून कितीतरी महाग असतो आणि तो न चुकता भरला जातो. या हप्त्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर मात्र मला अन्यायकारक वाटतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा या करातून मुक्त झाले, घराचा विमा तसाच राहिला. पुरानंतर तिजोरीतून मदत देणाऱ्या सरकारने आधीच स्वतःची तजवीज करणाऱ्याकडून कर घ्यावा, यात कसलेही धोरण दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की दगडी घराला काय होते? किल्लारीच्या भूकंपाने याचे उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दिले. लातूर-उस्मानाबादच्या गावांत जाडजूड दगडी भिंती मातीच्या सांध्यांवर उभ्या होत्या आणि त्याच भिंतींखाली हजारो माणसे गेली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सह्याद्रीच्या कुशीतला होता. आगीचे म्हणाल, तर दगडी घरातही छप्पर, मजला, फॉल्स सीलिंग, लाकडी पॅनेल आणि वायरिंग जळते, आणि तापून अचानक गार झालेला दगड तडकतो. आधुनिक खास घरात विजेचा भार जुन्या घराच्या कितीतरी पट असतो. छतावर सौर पॅनेल, तळघरात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, पोर्चमध्ये विजेच्या गाडीचा चार्जर. पॉलिसी या आगीची भरपाई देते, पण शॉर्ट सर्किट झालेल्या मूळ यंत्राची देत नाही. त्याला वेगळे कलम लागते.

तिसरा आक्षेप मात्र सहज बाजूला सारण्यासारखा नाही. कंपन्या दावे देत नाहीत, असे लोक म्हणतात. दावा लांबवणे, सर्व्हेअरने पुन्हा पुन्हा कागद मागणे, घसारा लावून रक्कम कमी करणे, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांचा दोष दावेदारावर ढकलता येणार नाही. परंतु खास घरांच्या दाव्यांत वादाचे मूळ बहुतेकदा एकाच जागी असते. जे जळाले ते काय होते आणि त्याची किंमत किती होती, हे जळून गेल्यावर ठरवायचे असते. परवानाधारक सर्व्हेअर राखेत उभा राहून सागवान कोणत्या प्रतीचे होते याचा अंदाज करणार, आणि अंदाज दोन माणसांचे कधी जुळत नाहीत. पॉलिसीला घराचे मोजमाप, मालाची प्रत, बिले, छायाचित्रे आणि किंमत ठरलेल्या वस्तूंची यादी आधीच जोडलेली असेल, तर कंपनीला नाकारायला जागा कमी उरते. मोठ्या घराच्या मालकाला ही तयारी जास्तच लागते, कारण त्याच्यासाठी सोपा दरवाजा बंद आहे. विमा लोकपालाकडे फुकट आणि वकिलाशिवाय दाद मागता येते, पण त्याची मर्यादा ५० लाखांची आहे. २०२३ पूर्वी ती ३० लाख होती. दीड कोटीचा वाद त्याच्यापुढे जात नाही, त्याला ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय आणि त्यासोबत वर्षांची वाट पाहणे आले. ही मर्यादा आणखी वाढवण्याची मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरली पाहिजे.

चौथा आक्षेप नैतिक आहे. हा श्रीमंतांचा प्रश्न, त्याची चिंता वर्तमानपत्राने का करावी? एक तर खास बांधलेले प्रत्येक घर श्रीमंताचे नसते. निवृत्त शिक्षकाने भविष्य निर्वाह निधी घालून गावी बांधलेले घर, बोटीवरच्या नोकरीत वीस वर्षे घालवलेल्या खलाशाचे घर, तीन भावांनी मिळून जुना वाडा सोडवून सावरलेले घर, या सगळ्यांत कुटुंबाची सारी बचत विटा-चिऱ्यांत अडकलेली असते. ते पडले, तर २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या आपत्ती मदतीच्या निकषांनुसार पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. ही मदत गरिबाच्या डोक्यावर छप्पर यावे म्हणून आहे आणि तिथेच ती आधी गेली पाहिजे. ज्यांना हप्ता परवडतो त्यांनी पुरेसा विमा उतरवला, तर त्या निधीवरचा दबाव कमी होतो. दुसरे असे की या घरांत आपल्या प्रदेशाची बांधकामविद्या जिवंत आहे. पाथरवट, कोरीव काम करणारे सुतार, चुन्याचा घाणा चालवणारे, कौले शाकारणारे यांना काम देणारी घरे हीच आहेत. विमा अपुरा असलेले जुने घर पडले, तर त्या जागी काँक्रीटचा डबा उभा राहतो, कारण परवडते तेवढेच बांधले जाते. त्या घरासोबत कारागिराचे एक गिऱ्हाईक जाते आणि त्याच्या मुलाला तो धंदा शिकण्याचे एक कारण कमी होते.

सोसायटीतल्या सदनिकेत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट थोडक्यात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उतरवणे संस्थेवर बंधनकारक केले आहे. त्या विम्यात सदस्याने आत केलेले लाखो रुपयांचे इंटिरियर आणि सामान येत नाही. भूखंडांच्या संस्थेत तर बंगला सदस्याचाच, म्हणून त्याच्या विम्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

मग करायचे काय? घर बांधून भोगवटा प्रमाणपत्र मिळते, त्या टप्प्यावर वास्तुविशारदाकडे सगळी माहिती ताजी असते. मोजमापे, कामनिहाय दर, मालाचे पुरवठादार, आतल्या तारा-नळांचे नकाशे. त्याने त्याच दिवशी पुनर्बांधणी खर्चाचे एक पत्रक सही-शिक्क्यासह मालकाच्या हाती द्यावे आणि दर तीन वर्षांनी, नाममात्र शुल्क घेऊन, त्यातले दर अद्ययावत करून द्यावेत. वास्तुविशारदांच्या संघटनांनी हे आपल्या सेवेचा भाग म्हणून स्वीकारले, तर मोठा प्रश्न सुटेल. बांधकाम चालू असताना घराची पॉलिसी लागू होत नाही, त्या काळासाठी कंत्राटदाराची सर्व-जोखीम पॉलिसी असते, आणि तीही मालकाने कंत्राटात लिहून घ्यावी. नूतनीकरणाच्या महिन्यांत वेल्डिंग, पॉलिश आणि तात्पुरत्या वायरिंगमुळे आगीची भीती सर्वांत जास्त असते, तेव्हा तर ती विसरूच नये. बँकांनी कर्जाच्या रकमेऐवजी पुनर्बांधणीच्या खर्चाइतका विमा मागावा. त्यात त्यांचेही हित आहे, कारण अर्धे बांधलेले घर तारण म्हणून कोणाच्याच कामाचे नसते. आणि विमा नियामकाने एका ठरावीक रकमेवरील घरांसाठी नियम करावा की कंपनीने पॉलिसी देण्यापूर्वी नोंदणीकृत मूल्यांककाकडून घर प्रत्यक्ष पाहून घ्यावे, त्याचा अहवाल पॉलिसीला जोडावा, आणि एकदा तो स्वीकारल्यावर दाव्याच्या वेळी त्यातल्या मोजमापांवर आणि मालाच्या प्रतीवर शंका घेण्याचा हक्क कंपनीला राहू नये. पाहणीचा खर्च हप्त्यात धरला, तरी तो दोन-चार वर्षांच्या हप्त्यांत विभागला जाईल. कंपन्या याला विरोध करतील, कारण घर न पाहता पॉलिसी विकणे स्वस्त पडते. पण जी कंपनी मोटार विकत घेतलेल्या माणसाकडून चारही बाजूंचे फोटो मागते आणि कारखान्याचा विमा घेताना जोखीम पाहायला अभियंता पाठवते, तिला तीन-चार कोटींच्या घरात एक माणूस पाठवणे अवघड नाही.